इंजिनच्या हवेचे सेन्सर: कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

ऊस हंगामात पाचटाची धूळ, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीपट्ट्यातली बारीक वाळू, पावसाळ्यात गगनबावड्याकडची ओल. आपल्याकडच्या गाडीच्या नाकात वर्षभर काही ना काही जातच असतं. त्यामुळे 'हवेचा सेन्सर गेलाय' हे वाक्य इथल्या गॅरेजात बरंच ऐकू येतं. प्रत्यक्षात सेन्सर बऱ्याचदा शाबूत असतो आणि बिघाड त्याच्या आजूबाजूला निघतो. तो कुठे शोधायचा, हे खालच्या उत्तरांत आहे.

इंजिनला हवा मोजायची गरजच काय? पूर्वी तर कुठे मोजत होते?

पूर्वी कार्ब्युरेटर होता. हवेच्या ओढीनेच पेट्रोल खेचलं जायचं आणि उद्यमनगरातला जाणता मिस्त्री आवाज ऐकून स्क्रू अर्धा फेरा इकडे-तिकडे करायचा. आता पेट्रोल किती सोडायचं हे ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला कान नाहीत, त्यामुळे आकडा लागतो.

पेट्रोल नीट जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल लागतं. एक लिटर पेट्रोल सुमारे ७४० ग्रॅम भरतं, म्हणजे त्याला जवळपास ११ किलो हवा हवी. कोल्हापूरच्या उंचीवर आणि तापमानात तेवढ्या हवेचं आकारमान होतं सुमारे १० हजार लिटर. टाकीत पाच लिटर पेट्रोल टाकून निघालात तर फिल्टरमधून पन्नास हजार लिटर हवा जाणार आहे. फिल्टरची किंमत कळायला एवढा हिशेब पुरे. मोजणी दहा टक्क्यांनी चुकली की पेट्रोलही तेवढंच चुकतं. मग ॲव्हरेज पडतं, झटके बसतात, नाहीतर धूर निघतो.

हवेच्या वाटेवर नेमके कुठले सेन्सर असतात?

फिल्टरपासून इंजिनकडे निघालात की आधी येतो मॅफ, म्हणजे हवेचं वजन मोजणारा. तो फिल्टरच्या डब्याला लागून पाइपवर बसतो. पुढे थ्रॉटल बॉडी, तिच्यात बटरफ्लाय, म्हणजे हवेची झडप, किती उघडी आहे हे सांगणारा सेन्सर. त्यापुढे मॅनिफोल्डवर मॅप, म्हणजे दाब मोजणारा. हवेचं तापमान मोजणारा सेन्सर बहुधा वेगळा दिसत नाही. तो मॅफच्या किंवा मॅपच्या पोटातच असतो.

सगळ्या गाड्यांत हे सगळे नसतात. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांचं काम मॅपवर चालतं. डिझेल गाड्यांत मॅफ आणि मॅप दोन्ही सापडतात. आपल्या गाडीत काय आहे हे बघायला फिल्टरचा डबा शोधा. डब्यातून निघणाऱ्या पाइपवर दोन स्क्रूंनी बसवलेला, वायरचा कपलर लावलेला तुकडा असेल तर तो मॅफ.

मॅफ काम कसा करतो?

बशीत ओतलेल्या चहावर फुंकर घातली की तो लवकर निवतो, आणि जोरात घातली तर आणखी लवकर. मॅफ याच तत्त्वावर चालतो. त्याच्या आत एक बारीक तार किंवा पातळ फिल्म असते. तिला वीज देऊन आजूबाजूच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवलेलं असतं. हवा वाहिली की ती निवायला लागते आणि सर्किट तिला पुन्हा त्याच तापमानावर आणायला जास्त वीज देतं. ही जादाची वीज म्हणजेच हवेच्या वजनाचं माप. थंड, दाट हवा जास्त निववते, विरळ हवा कमी. म्हणून हा सेन्सर आकारमान नाही, थेट वजन सांगतो.

दुखणंही इथेच आहे. त्या फिल्मवर धुळीचा किंवा तेलाचा थर चढला की ती हवेपासून झाकली जाते, नीट निवत नाही, आणि सेन्सर खरी हवा आहे त्यापेक्षा कमी सांगायला लागतो. थर डोळ्यांना दिसेल एवढा जाड असायची गरज नाही.

आणि मॅप?

त्यात सिलिकॉनचा पातळ पडदा असतो. दाबाने पडदा वाकतो, वाकला की त्याचा विद्युतरोध बदलतो, तेवढंच. ईसीएम हा दाब, हवेचं तापमान आणि इंजिनचे फेरे यांवरून हवेचं वजन काढतो.

मॅपची एक चाचणी फुकटात होते. इंजिन बंद, चावी ऑन, आणि स्कॅनरवर, म्हणजे ईसीएमचे आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर, दाब बघायचा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे इथे हा आकडा ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. तीच गाडी मालवणला नेली तर १००-१०१. कोल्हापुरात उभ्या गाडीत १०५ किंवा ८० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर संशयास्पद आहे. इंजिन चालू करून पेट्रोल गाडी स्लोवर, म्हणजे रेस न देता, ठेवली की आकडा ३० ते ४० पर्यंत उतरतो. टर्बो डिझेलमध्ये तो स्लोवर फारसा उतरत नाही आणि चढाला रेस दिल्यावर २०० च्या पुढे जातो.

घाटात गाडी ओढत नाही, सपाटीला बरी चालते. हे सेन्सरचं काम आहे का?

असू शकतं. पण डिझेल असेल तर आधी एक गोष्ट बघा: मागे काळा धूर पडतोय का?

धूर नाही आणि नुसतीच ओढ कमी असेल तर मॅफ मळलेला असण्याची शक्यता धरा. तो हवा कमी सांगतो, ईसीएम धूर होऊ नये म्हणून डिझेल आखडतं घेतो, गाडी मरगळते. फिल्टर चोंदला असला किंवा डिझेल फिल्टर तुंबला असला तरी असंच वाटेल, म्हणून ते दोन्ही आधी तपासा.

काळा धूर आणि ओढ कमी, वर रेस दिली की बॉनेटखालून शिट्टी किंवा फुस्स असा आवाज येत असेल, तर टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि पुढे मॅनिफोल्डपर्यंतचे होज तपासा. कुठेतरी पाइप चिरला आहे किंवा क्लिप ढिली आहे. मॅफने हवा बरोबर मोजली, डिझेल त्या हिशेबाने पडलं, पण हवा वाटेतच गळाली. अशा गाडीला नवा मॅफ घालून काही उपयोग होत नाही, आणि तरीही तो सर्रास घातला जातो. चिरलेल्या जागी बहुतेक वेळा तेलाचा ओलसर काळा डाग सापडतो. हात फिरवून बघा, पाइप बऱ्याचदा खालच्या बाजूला चिरतो.

चेक इंजिन लाइट पेटला. स्कॅन केल्यावर हवेच्या सेन्सरचा कोड आला. मग बदलूनच टाकू का?

थांबा. कोड म्हणजे निदान नव्हे. 'या सर्किटमधून येणारा आकडा पटत नाही' एवढंच ईसीएमला म्हणायचं असतं. कारण सेन्सर असेल, वायर असेल, फिल्टर असेल, नाहीतर हवा चोरवाटेने आत येत असेल.

पी-०१०१ आला तर मॅफचा आकडा अपेक्षेशी जुळत नाही. इथे मळ आणि गळती हे पहिले संशयित. पी-०१०२ म्हणजे सिग्नल फारच कमी आणि पी-०१०३ म्हणजे फारच जास्त. हे आले की आधी कपलर काढून पिना बघा, हिरवट गंज आहे का, वायर ताणली गेली आहे का. मॅपचे कोड पी-०१०५ ते पी-०१०९, हवेच्या तापमानाचे पी-०११० ते पी-०११४. पी-०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. त्यात सेन्सरचं नावही नसतं, तरी लोक त्यावरून मॅफ बदलतात!

क्रम असा ठेवा: फिल्टरचा डबा नीट बसला आहे का, त्याच्या सगळ्या क्लिपा लागल्या आहेत का, मग पाइप, मग कपलर आणि वायर, मग सेन्सरची सफाई, आणि हे सगळं होऊनही आकडे चुकीचे येत असतील तरच नवा सेन्सर. कालच सर्व्हिसिंग झालं आणि आज लाइट पेटला, असं असेल तर फिल्टरचा डबा उघडून पुन्हा बसवल्यावरच निम्म्या तक्रारी मिटतात. क्लिप अर्धवट लागलेली असते किंवा कपलर खट्कन बसलेला नसतो.

कोड मिटवून गाडी देणाऱ्याला पैसे देऊ नका. लाइट चार दिवसांत परत येतो.

घरी ब्लूटूथचा छोटा स्कॅनर आहे. त्यात काय बघू?

सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, सुरू करण्याआधी चावी ऑन करून हवेचं तापमान आणि कूलंटचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत, दोन-चार अंश इकडे-तिकडे. हवेचं तापमान उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटली आहे किंवा कपलर निघाला आहे, कोल्हापुरात तेवढी थंडी पडायची नाही. उलट १३०-१४० दाखवत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे. हा सेन्सर म्हणजे तापल्यावर रोध कमी होणारा थर्मिस्टर. बऱ्याच गाड्यांत २० ते २५ अंशांना दोन ते अडीच हजार ओम मिळतात आणि हेअर ड्रायरने गरम केल्यावर आकडा सलग उतरतो. मध्येच उडी मारली तर बाद.

ट्रॅफिकमध्ये उभं राहिल्यावर हवेचं तापमान पन्नासच्या वर गेलं तर घाबरू नका. बॉनेटखालची गरमी आहे ती, गाडी पळाली की उतरते.

गाडी मॅफवाली पेट्रोल असेल तर इंजिन गरम झाल्यावर स्लोवर मॅफ बघा. १२०० सीसीच्या इंजिनला सेकंदाला दोन ते तीन ग्रॅम हवा पुरते. मग फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीएम हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय ते. तो उणे-अधिक १० टक्क्यांत असेल तर ठीक. स्लोवर अधिक २० आणि २५०० फेऱ्यांवर नॉर्मल होत असेल, तर मॅफच्या पुढे कुठेतरी न मोजलेली हवा आत शिरते आहे. स्लोवर ठीक आणि जोर दिल्यावर वाढत असेल, तर मळका मॅफ किंवा कमजोर पेट्रोल पंप. मॅपवाल्या गाडीत अशी गळती ट्रिममध्ये सहसा उठून दिसत नाही. तिथे स्लोचे फेरेच वाढलेले दिसतात, कारण आत आलेल्या जादा हवेचाही दाब मॅप मोजतोच.

एअर फिल्टर किती किलोमीटरला बदलायचा?

गाडीच्या पुस्तकात आकडा असतो, बहुधा २० ते ४० हजारांच्या दरम्यान, आणि त्याच पुस्तकात धुळीच्या भागासाठी वेगळी सूचना असते. ती कोणी वाचत नाही. रोज एमआयडीसीत जाणं-येणं असेल, हायवेचं काम सुरू असलेल्या पट्ट्यातून प्रवास असेल, किंवा हंगामात ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या मागून शेतरस्ते तुडवायचे असतील तर निम्म्यावर बदला.

कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका. कॉम्प्रेसरची हवाही जपून वापरा. जवळून मारलेल्या झोताने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात, फिल्टर स्वच्छ दिसतो आणि धूळ सरळ मॅफवर जाते. फिल्टर बदलताना डब्याच्या तळातली पानं, माती ओल्या फडक्याने पुसून काढा आणि हवा आत येते त्या तोंडाशीही बघा. उसाचं वाळलं पान ग्रिलमागे अडकलेलं असतं.

तेल लावायचा, धुऊन पुन्हा वापरायचा फिल्टर बसवला तर?

मॅफ असलेल्या गाडीत नकोच. तेल थोडं जास्त झालं की ते उडून फिल्मवर बसतं. त्या फिल्टरने आवाज वाढतो तेवढा जोर वाढत नाही, असं माझं मत आहे. पटलं तर बघा.

मॅफ घरी साफ करता येतो का?

येतो, पण त्यासाठी मिळणारा मॅफ क्लीनरचाच स्प्रे आणा. काहीशे रुपयांत मिळतो आणि नवा सेन्सर काही हजारांत जातो. कार्ब क्लीनर, ब्रेक क्लीनर, पेट्रोल, थिनर यांतलं काहीही वापरायचं नाही. त्यांनी प्लास्टिक आणि फिल्मवरचा लेप खराब होतो, किंवा मागे थर राहतो.

इंजिन थंड असू द्या, चावी काढून घ्या. कपलर कुलूप दाबून काढायचा, वायर धरून ओढायचा नाही. स्क्रू बऱ्याचदा चांदणीच्या खाचेचे असतात, साध्या पेचकसाने खाच मारू नका. सेन्सर सरळ बाहेर काढा. आत बोट, ब्रश, कानातली काडी, फडकं काही घालू नका. फिल्म इतकी नाजूक असते की एका स्पर्शात तुटते. दहा-पंधरा सेंटिमीटरवरून आठ-दहा छोटे फवारे मारा, सेन्सर फिरवून दुसऱ्या बाजूनेही मारा. मग अर्धा तास तसाच वाळू द्या. फुंकू नका, हवा मारू नका. ओला असताना चावी ऑन करायची नाही, स्प्रे ज्वलनशील असतो. बसवताना ओरिंग जागेवर आहे का आणि बाणाची दिशा इंजिनकडे आहे का हे बघा. सेन्सर उलटा बसायला नको.

सफाई दर महिन्याला करायचा विषय नाही. फिल्टर बदलताना नजर टाका, आकडे पटत नसतील तरच फवारा.

मॅप आणि थ्रॉटल बॉडीचं काय?

डिझेलच्या मॅपच्या टोकावर ईजीआरची (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेची) काजळी आणि टर्बोकडून आलेलं तेल मिळून डांबरासारखा लगदा जमतो. सेन्सर काढून तोच मॅफ क्लीनर मारा, टोक खाली धरून निथळू द्या. भोकात सुई घालायची नाही, पडदा आत लगेचच असतो. पेट्रोल गाडीत मॅप फारसा मळत नाही.

थ्रॉटल बॉडीला तिचा वेगळा क्लीनर असतो. तो फडक्यावर घेऊन पुसा. वायरवर चालणाऱ्या थ्रॉटलची बटरफ्लाय बोटाने जोरात ढकलू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असतात. सफाईनंतर स्लो वर-खाली झाला तर ईसीएमला नवी जागा शिकवावी लागते. काही गाड्या हे चालवता-चालवता शिकतात, काहींना स्कॅनरवरून शिकवावं लागतं.

मॅफचा कपलर काढला की गाडी बरी पळते. तसाच ठेवू?

नको. कपलर काढल्यावर ईसीएम ठरलेल्या अंदाजी आकड्यांवर चालतो. काढल्यावर गाडी सुधारली याचा अर्थ सेन्सर खोटं सांगत होता, हा पुरावा म्हणून चांगला आहे. पण तसंच फिरवलं तर बीएस-६ डिझेलमध्ये काजळीचा हिशेब बिघडतो, डीपीएफ (सायलेन्सरच्या वाटेवरचा काजळी अडवणारा फिल्टर) लवकर भरतो, आणि तो खर्च मॅफच्या कितीतरी पट आहे.

कोकणातून परत घाट चढून आलं की गाडी जरा मंद वाटते. सेन्सर बघून घेऊ?

खाली वैभववाडीला हवा दाट, वर इथे सुमारे सहा टक्के विरळ. टर्बो नसलेल्या इंजिनचा जोर साधारण तेवढाच कमी होणार. सेन्सर नीट आहे म्हणूनच गाडी कुरकुर न करता चालते आहे.

पुराच्या पाण्यात गाडी उभी होती. चालू करून बघू का?

अजिबात नाही. २०१९ आणि २०२१ ला शाहूपुरी, लक्ष्मीपुरीत पाणी घुसलं तेव्हाचा धडा हाच होता. पाणी फिल्टरच्या डब्यापर्यंत पोचलं असेल तर ते सिलिंडरमध्येही असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. बॅटरीची मायनस वायर काढा, फिल्टरचा डबा उघडून बघा. कागद ओला किंवा मातकट असेल तर गाडी टोचन करूनच न्या, आणि चालू करण्याआधी विम्यासाठी फोटो काढून ठेवा.

सेन्सरच्या बाबतीत पुराचं पाणी म्हणजे बारीक गाळ. मॅफ वाळल्यावर चालूही होईल, पण गाळाचा थर राहतो आणि पिनांना गंज महिन्या-दोन महिन्यांनी पकडतो. कपलर उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा.

वॉशिंग सेंटरवर इंजिन धुऊन घेतलं तर?

प्रेशरचं पाणी फिल्टरच्या तोंडावर आणि कपलरवर मारू देऊ नका. धुतल्यावर लगेच मिसिंग सुरू झालं तर कारण वेगळं शोधायला नको.

सीएनजी किट लावल्यावर त्रास वाढला.

जुन्या मिक्सर पद्धतीच्या किटमध्ये मॅनिफोल्डमध्येच गॅस आणि हवा मिसळलेली असते. प्लग खराब झाले की बॅकफायर होतो आणि फटका हवेच्या पाइपला, फिल्टरच्या डब्याला, मॅफ असेल तर त्यालाही बसतो. प्लग वेळेवर बदला. सिक्वेन्शियल किट मॅनिफोल्डच्या दाबावर गॅस मोजतं, त्यासाठी घातलेला बारीक रबरी पाइप कडक होऊन चिरतो. गॅसवर झटके बसत असतील तर तो आधी बघा, पेट्रोलवरही बसत असतील तर मूळ सेन्सरकडे वळा.

स्कूटर-बाइकला असले सेन्सर असतात?

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ आल्यापासून जवळपास सगळ्या नव्या दुचाकी इंजेक्शनच्या आहेत. बऱ्याच गाड्यांत दाब, तापमान आणि थ्रॉटलचा सेन्सर एकाच डबीत थ्रॉटल बॉडीवर असतो. ती डबी खोलायची नाही. काही स्कूटरच्या फिल्टरचा कागद मुळातच तेलकट असतो, तो झटकायचा किंवा फुंकायचा नाही, थेट बदलायचा.

ट्रॅक्टरला?

जुन्या ट्रॅक्टरला ऑइल बाथ फिल्टर. तेल बदला, तळातला गाळ काढा, सेन्सरचा प्रश्न नाही. जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना नवे उत्सर्जन नियम लागू झाले आणि कॉमन रेल (कॉम्प्युटरने डिझेल सोडणारी) इंजिनं आली, त्यांना हे सेन्सर आहेत. पाचट भरताना, मळणीला किंवा जळका ऊस वाहताना फिल्टर चोंदल्याची खूण देणारा दिवा लागला तर काम संपेपर्यंत ओढत नेऊ नका.

गोठ्याशेजारी गाडी लावतो. उंदरांचा काय बंदोबस्त?

फिल्टरच्या डब्यात शेंगांची टरफलं आणि कागदाचे बोळे सापडले तर समजा, आत घरटं झालं आहे. डबा साफ करा, फिल्टर बदला आणि मॅफकडे जाणाऱ्या वायरी बोटाने चाचपून बघा. कुरतडलेली वायर टेप गुंडाळून चालत नाही. सोल्डर करून वर हीट-श्रिंक नळी घाला. हवेच्या तोंडाला बारीक जाळी बसवायचा मोह होतो, पण तीही पानांनी चोंदते. बसवलीच तर दर आठवड्याला बघा.

नवा सेन्सर घ्यायचाच झाला तर ओरिजिनल की लोकल?

मॅफ असेल तर ओरिजिनल, किंवा ज्या कंपनीने मूळ सेन्सर बनवला तिचाच. ईसीएममध्ये त्या सेन्सरच्या व्होल्टेजवरून ग्रॅम काढायचं कोष्टक भरलेलं असतं, आणि स्वस्त नकलेचं माप त्याच्याशी जुळत नाही. लाइट पेटत नाही, गाडी मात्र कायम थोडी आजारी राहते. पार्ट नंबर शेवटच्या अंकापर्यंत जुळवा, जुना सेन्सर सोबत घेऊन दुकानात जा, कपलरच्या पिना मोजा. भंगारातल्या गाडीचा सेन्सर घेताय तर नंबर जुळला तरी आधी तुमच्या गाडीत लावून स्लोवरचा आकडा बघा, मगच पैसे द्या. तापमानाचा सेन्सर साधा असतो, तो चांगल्या कंपनीचा लोकल घेतला तरी चालतो.